लाल उतार

नकाशेवाल्या बाईंनी दोन चित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"ताई, हे मी केलेलं. आणि हे आज अहवालात लागलेलं. फाइलचं नाव तेच, चित्र भलतंच."

ताईंनी चष्मा लावला. त्यांचा धाकटा भाऊ अण्णा दाराकडेच बघत बसला होता. ताईंच्या तपासात सोबत जाऊन आजवर त्याला काही मिळालं असेल, तर ती फुकटची धडधड.

"दुसऱ्यात सगळं लालच आहे," तो म्हणाला. "उजाड झालं वाटतं."

"उलट. उपग्रहाच्या या चित्रांत हिरवं पान लाल दिसतं. खोऱ्याची तीस वर्षांची चित्रं मी लावलीत, सगळी उन्हाळ्यातली. तेव्हा गवत वाळलेलं असतं, लाल उरतं ते फक्त मूळचं रान. ते आक्रसत गेलंय. माझ्या आईच्या घरावरचा उतार तर पार बोडका झालाय. हे दुसरं पावसाळ्यातलं आहे. गवतही लाल, आणि ओढा बघा, काठोकाठ भरलेला."

"खरा अहवाल गेला तर?"

"या पावसात दरड येईल म्हणून उतारावरची घरं आजच रिकामी करतील. उतार पोखरणारी खाणही बंद होईल." बाईंनी आवाज खाली आणला. "काल फोन आला होता. म्हणाले, नकाशे पुरे, आईला जपा."

फाइलला हात लावू शकणारे आणखी दोघंच होते. कचेरीत आधी भेटला तो बाईंचा सहकारी. तो उसळलाच.

"मी बदललं असतं ना, तर तुम्हाला पत्ताही लागला नसता!"

"कबूलच केलं की," अण्णा कुजबुजला.

"गप रे," ताई म्हणाल्या.

दुसरे, कचेरीचे साहेब, रुमालानं मान पुसत होते. "मी कारकुनीतून वर आलेलो. त्या चित्रांतलं मला ओ की ठो कळत नाही. मी आपला सहीचा धनी."

ताईंनी दुसरं चित्र पुढे सरकवलं. "हे बघून भीती वाटते हो."

"भीती कसली? उतार लालभडक आहे की! रान जागच्या जागी आहे."

ताईंनी बाईंना आणि सहकाऱ्याला आत बोलावलं. दार लोटलं.

"साहेब, माझा भाऊ लाल बघून 'उजाड' म्हणाला. ज्याला कळत नाही तो तेच म्हणणार. तुम्हाला मात्र लाल म्हणजे रान हे पक्कं ठाऊक आहे. पण तेवढंच. या सहकाऱ्यानं फसवायचं ठरवलं असतं, तर भरलेला ओढा बघून हे चित्र बाजूला टाकलं असतं. बदलणाऱ्याला लाल कळलं, ओढा कळला नाही. असं अर्धवट कळणारा इथे एकटाच आहे."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"खाणवाल्यांनी माझ्या मुलीच्या वर्गाचा फोटो पाठवला हो. खिडकीतून काढलेला."

ताई म्हणाल्या, "मुलीला आधी घरी आणवा. आणि घरं रिकामी करायला सांगा. आत्ता."

साहेबांनी फोन उचलला. तोवर बाईंनी आपला लावला होता.

"आई, आहेस तशी बाहेर पड. शेजाऱ्यांनाही हाका मार."

"अगं, मघापासून दार ओढतेय. चौकट वाकलीय. उघडतच नाही मेलं."

बाई ओरडल्या,

"खिडकीतून, आई! खिडकीतून!"

खुडबूड. धाप. लांबवर कुणाकुणाला मारलेल्या हाका, पळणारी पावलं. मग एक घरघर सुरू झाली आणि थांबेचना. बाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"आई?"

घरघर ओसरली.

"मी आहे गं," आई म्हणाली. "घर नाही."