एक प्रत कमी

वहिनींच्या कचेरीत भाऊजींची कामं तीनच. दार उघडायचं, चहा टाकायचा, आणि वहिनींनी गुंता सोडवला की "असं होय!" म्हणायचं. थोरला भाऊ गेल्यावर त्याची गुप्तहेरगिरीची कचेरी वहिनींनी चालवायला घेतली, आणि टपालखात्यातून निवृत्त झालेले भाऊजी आपणहून मदतीला आले. मदत कसली म्हणा! पण घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं.

त्या दिवशी दुपारी तीनलाच धुकं खिडकीशी येऊन टेकलं होतं. दारावर थाप पडली ती इतकी हलकी, की भाऊजींना भास वाटला. बाहेर चाळिशीची एक बाई उभी होती. आत येऊन तिनं टेबलावर सात कागद मांडले.

"दर शुक्रवारी संध्याकाळी हे माझ्या दाराखालून आत येतात," ती म्हणाली. "शाळेचं पत्रक आहे. सहावी ते आठवीच्या मुलांच्या घरी जातं, तेच."

"मग त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" भाऊजींनी विचारलं.

"माझी मुलगी त्या शाळेत नाही आता. कुठंच नाही."

भाऊजींनी जीभ चावली. वहिनींनी चष्मा चढवून पहिला कागद उचलला. 'पानगळीच्या सत्रातील घडामोडी' असा मथळा, भोवती पानांची सुंदर वेल. क्रीडादिनाची तारीख, वर्गाचा फोटो काढायचा दिवस, हरवलेल्या वस्तूंची यादी, पालकसभेची वेळ. आणि अगदी तळाशी, सगळ्यांपासून सुटी अशी एक ओळ: 'एक प्रत कमी आहे.'

सातही कागदांवर ती ओळ होती.

"फक्त माझ्याच नाही, सगळ्या घरांतल्या पत्रकांवर आहे," बाई म्हणाली. "लोक म्हणतात, माझी मुलगी आपली प्रत मागतेय. मला बघून रस्ता ओलांडतात."

"आणि हे कोपरे?" वहिनींनी विचारलं. प्रत्येक कागदाचा वरचा उजवा कोपरा उडालेला होता.

"उंदीर, दुसरं काय," भाऊजी म्हणाले.

"उंदराच्या हातात कात्री देताय का भाऊजी? सरळ कापलाय." वहिनी बाईकडे वळल्या. "गेल्या वर्षी काय झालं ते सांगा."

बाईनं पाठ केल्यासारखं सांगितलं. ते तिघं गावात नवेच आले होते. सत्र सुरू होऊन महिना झाला तेव्हा मुलीला सातवीत घातलं. तीन आठवड्यांनी तलावाची सहल निघाली. मुलं पाचला परततील असं पत्रकात होतं. पण धुकं लवकर उतरतं म्हणून आदल्या दिवशी शाळेनं चिठ्ठी काढली: सहल साडेतीनलाच परत येईल, पालकांनी तेव्हा फाटकाशी यावं.

"एकतीस घरचे लोक साडेतीनला आले. मी पाचला गेले. फाटकाला कुलूप होतं. ती वाट बघून बघून कालव्याच्या रस्त्यानं एकटीच निघाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्यात सापडली."

वहिनींनी हातातला कागद खाली ठेवला.

"भूत आहे की माणूस, याच्याशी मला देणंघेणं नाही," ती पुढं म्हणाली. "मला एवढंच शोधून द्या, ती चिठ्ठी माझ्या घरी आली होती की नाही. शाळा म्हणते दिली. नवरा काहीच म्हणत नाही. वाढलं की जेवतो आणि उठतो. पहिले सहा महिने मी छातीठोकपणे सांगत होते, आली नाही म्हणून. आता मला ती आठवते. हातात धरलेला कागद दिसतो. म्हणजे मी वाचली, आणि विसरले. असं असेल तर तसं सांगा. पण एकदा काय ते सांगून टाका."

भाऊजींना त्या ओळीपेक्षा या बाईच्या डोळ्यांची भीती वाटली.

पुढच्या शुक्रवारी सकाळी दोघं शाळेत पोचले. धुक्यात मैदानाचा पत्ता नव्हता. मुलांचे आवाज ऐकू येत होते, मुलं दिसत नव्हती.

मुख्याध्यापिका कडक इस्त्रीच्या बाई होत्या. त्यांनी सही केलेला मूळ कागद समोर ठेवला. साधा, पांढरा, नुसता मजकूर. "बघा, आहे का ती ओळ? मी सही करते तेव्हा नसते. छापून येतं तेव्हा असते. हा त्या लेखनिक मुलीचा चावटपणा. टंकलेखन तीच करते."

"आणि गेल्या वर्षीची चिठ्ठी? ती नक्की सगळ्यांना मिळाली?"

"वर्गात बत्तीस मुलं. प्रती काढायच्या यंत्राच्या नोंदवहीत बत्तीस प्रती." मुख्याध्यापिकांनी वही उघडूनच दाखवली. "आता तुम्हीच सांगा, गणित चुकतं का? त्या आईबद्दल वाईट वाटतं हो, पण आपलं झाकायला दुसऱ्याचं उघडं करू नये."

भाऊजींना गणित पटलं. बत्तीसला बत्तीस. सुटलं की कोडं!

वहिनी मात्र मागचं कपाट बघत होत्या. तिथं शिक्षकांच्या फायली होत्या. प्रत्येक शिक्षकानं आपली पत्रकं लावून ठेवायची, असा नियम. प्रत्येक पत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात शिक्का होता, 'शिक्षक-प्रत'.

"ही एक फाइल रिकामी कशी?"

"चित्रकलेच्या बाईंची. सातवीचा वर्ग त्यांच्याकडेच आहे. कलाकार माणूस, सगळा वेंधळेपणा. या सत्रात एकही पत्रक लावलेलं नाही."

लेखनिक मुलगी रडून रडून लाल झाली होती. "मी कशाला असलं करू? माझ्या टंकयंत्राची अक्षरं तपासा हवं तर!"

वहिनींनी खरंच तपासली. भिंग काढून त्या शेवटच्या ओळीवर बराच वेळ वाकल्या. 'एक'मधला क आणि 'कमी'मधला क, दोन्ही भाऊजींना दाखवले.

"क सारखा क," भाऊजी म्हणाले.

"नीट बघा की. दुसऱ्याचं शेपूट लांब आहे."

"असेल. माझंसुद्धा लिहिताना कधी लांब होतं, कधी आखूड."

"अगदी बरोबर बोललात," वहिनी म्हणाल्या, आणि आपण काय बरोबर बोललो ते भाऊजींना काही कळलं नाही.

छपाईची खोली तळघरात होती. एकच दिवा, एकच किल्ली, आणि ती शिपाईकाकांच्या कमरेला. काका यंत्राकडे पाठ करायचं टाळत होते, एवढं भाऊजींच्यासुद्धा लक्षात आलं.

"मी डोळ्यांनी बघितलंय," काका कुजबुजले. "वरच्या कागदावर ओळ नाही. खाली पडतो त्या कागदावर आहे. मधे कुणाचा हात नाही. पहिल्या शुक्रवारी मी यंत्राची वायरच उपटली हो. तीस वर्षं इथं काढली, पण असं कधी पाहिलं नाही."

"खोलीत दुसरं कुणी येतं?"

"कोण येणार? यंत्राची काच मीच पुसतो. शुक्रवारी तेवढी चित्रकलेच्या बाई पुसून देतात, त्यांची वेल नाजूक असते म्हणून. बाकी मी आणि हे यंत्र."

भिंतीवर वर्गवार आकड्यांचा तक्ता होता. 'सातवी: ३० + १'. त्याखालून गेल्या वर्षीच्या तक्त्याची कड डोकावत होती. वहिनींनी वरचा कागद उचलला. 'सातवी: ३१ + १'.

"हा आकडा कधी बदलता?"

"सत्राच्या पहिल्या दिवशी. मग वर्षभर तोच."

"आणि मधेच एखादं मूल आलं तर?"

"मग वर्गाच्या बाई आपली प्रत देतात त्याला. सगळ्याच देतात. एका कागदासाठी तक्ता कोण बदलतो?"

"बाई रजेवर असल्या तर?"

"तर वाटप मी करतो. आधी बाईंची प्रत त्यांच्या खणात ठेवायची, मग गठ्ठा पहिल्या बाकावर द्यायचा. मुलं मागं सरकवतात."

वहिनींनी चष्मा काढून हातात धरला. भाऊजी त्यांना ओळखून होते. काहीतरी सापडलं होतं, आणि त्याचा आनंद मुळीच झाला नव्हता.

चित्रकलेच्या बाई वर्गात एकट्याच होत्या. पन्नाशीच्या, शांत, बोटांना शाई. खिडकीशी पानं वाळत घातलेली.

"वेल दर आठवड्याला नवी काढता?" वहिनींनी विचारलं.

"हो. दर आठवड्याला एक पान कमी. पानगळ आहे ना. मुलं मोजत बसतात."

"गेल्या वर्षी सहलीच्या आदल्या दिवशी तुम्ही शाळेत होता?"

बाईंनी कुंचला पाण्यात बुडवला. "नव्हते. तलावावर होते, होड्यांची व्यवस्था बघायला." पाणी काळं झालं तरी त्या कुंचला हलवतच राहिल्या.

शाळा सुटल्यावर वहिनींनी सगळ्यांना सातवीच्या वर्गात बोलावलं. मुलीचे आईवडील आले. वडील भिंतीला टेकून उभे राहिले, बायकोपासून चांगले चार हात लांब. खिडक्यांबाहेर धुकं इतकं दाट होतं, की खोलीला बाहेर असं काही उरलंच नव्हतं.

"आधी भूत संपवू," वहिनी म्हणाल्या. "मूळ कागदावर ओळ नाही, छापील कागदावर आहे. पण मूळ कागदावर आणखीही एक गोष्ट नाही, आणि ती कुणालाच खटकली नाही. वेल! मूळ कागद बोडका, छापील कागदाला पानं. म्हणजे वेल यंत्रातच येऊन मिळते. ती पारदर्शक कागदावर काढलेली असते, आधी काचेवर पालथी घालतात, त्यावर मजकुराचा कागद. ज्या वाटेनं पानं येतात, त्याच वाटेनं ती ओळ आली."

शिपाईकाकांचं तोंड उघडंच राहिलं.

"ओळ टंकलेली नाही. टंकयंत्राचे दोन क एकसारखे येतात. हे दोन वेगळे आहेत. छापील अक्षर हातानं हुबेहूब काढणारं माणूस या शाळेत एकच आहे. काचही तेच पुसतं, वेलही तेच लावतं. आणि दाराखालच्या प्रतींचा जो कोपरा कापलाय, तिथं शिक्षक-प्रतीचा शिक्का असतो. एकाच शिक्षिकेची फाइल रिकामी आहे."

कुणी चित्रकलेच्या बाईंकडे बघितलं नाही. त्यांनी स्वतःच मान खाली घातली.

"असं होय!" भाऊजी म्हणाले. "पण वहिनी, प्रत कमी कशी? बत्तीसला बत्तीस होत्या की!"

"तिथंच तर सगळे फसले, भाऊजी. तक्त्यावर काय होतं? एकतीस अधिक एक. एकतीस मुलं आणि एक बाई. ही मुलगी महिन्यानं आली, बत्तिसावी. तिची प्रत कधी छापलीच गेली नाही. दर वेळी बाई आपली द्यायच्या, म्हणून ते कुणाला कळलं नाही. त्या एका दिवशी बाई तलावावर होत्या. काकांनी शिस्तीनं त्यांची प्रत खणात ठेवली आणि एकतीस चिठ्ठ्या पहिल्या बाकावर दिल्या. शेवटच्या बाकावर नवी, अबोल मुलगी. तिच्यापर्यंत पोचायच्या आतच गठ्ठा संपला. तिनं मागितली नाही."

"अरे देवा," शिपाईकाका म्हणाले, आणि पुढच्या बाकाला धरून खाली बसले.

"नोंदवही खोटं बोलत नव्हती," वहिनी मुख्याध्यापिकांना म्हणाल्या. "तुम्ही मुलं मोजलीत, प्रती मोजल्यात. प्रत कुणाच्या हातात गेली ते कुणी पाहिलं नाही." मग त्या आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश बोलल्या. "चिठ्ठी तुमच्याकडे आलीच नाही. तुम्हाला आठवतो तो कागद तुम्ही कधी पाहिलेला नाही. लोकांनी वर्षभर सांगून सांगून तो तुमच्या हातात दिला."

चित्रकलेच्या बाईंनी पिशवीतून चौकोनी घडी काढून टेबलावर ठेवली. वर्षापूर्वीची चिठ्ठी होती ती, कोपऱ्यात शिक्का असलेली.

"त्याच आठवड्यात सापडली," त्या म्हणाल्या. "खण उघडला आणि वर हीच होती. मुख्याध्यापिका तोवर सगळ्यांना सांगून मोकळ्या झाल्या होत्या. माझी जीभच उचलली नाही. मी तरी तक्ता बदलून घ्यायला हवा होता ना? या सत्रात वेल काढायला बसले आणि हात दुसरंच लिहायला लागला. तिची प्रत तिच्या घरी पोचवत होते. आता कशाला, ते विचारू नका."

"तुम्ही माझ्या दाराशी येत होता," आई म्हणाली. "सात वेळा."

"हो."

"वाजवायचं होतंत हो. मी उघडलं असतं."

बाईंनी टेबलावरची घडी तिच्याकडे सरकवली. मुख्याध्यापिका सोमवारीच सर्व कुटुंबांना पत्रकातून खरं काय ते कळवू, असं म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली इस्त्री पार मोडली होती.

भिंतीपाशी उभा असलेला नवरा पुढं झाला. "मी सांगतो सगळ्यांना," तो म्हणाला. "घरोघर जाऊन सांगतो."

"लोकांना शाळा कळवेल," ती म्हणाली. "तू मला सांग."

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. भाऊजींना वाटलं, आपण बाहेर जावं. ती उभीच होती. तिला कसली घाई नव्हती.

"तुझी चूक नव्हती," तो अखेर म्हणाला.

"पुन्हा म्हण."

"तुझी चूक नव्हती गं."

मग ती मुलांच्या त्या बुटक्या बाकावर बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं, पोट धरून रडली.