हजार फरशांचा देश

ठसा उमटला, पण पाऊल टाकणारं कुणीच दिसत नव्हतं.

शाल्मली भिंतीला पाठ लावून उभी होती. अजून दिवस असूनही बाहेर चिखलदऱ्याचं पठार धुक्यात बुडालं होतं, आणि आत नकाशा-दालनाच्या फरशांवर दंवाचे गोल ठसे एकामागून एक उमटत थेट तिच्याकडे येत होते. दोन हातांवर येऊन ते थांबले. तिच्या गालाला बर्फासारखा गारवा लागला.

"हलू नकोस," तिचे आजोबा हळूच म्हणाले. "तो तुला ओळखून घेतोय."

आजोबा म्हणजे भूगोलशास्त्रज्ञ डॉ. त्र्यंबक देवपुजारी. शाल्मली त्यांना आबाजी म्हणे. दृष्टिहीन मुलांना हातापायांनी नकाशा वाचता यावा म्हणून त्यांनी हे दालन बांधलं होतं. शेत दाखवायचं तर फरशीवर नांगरटीसारख्या रेघा उठत, जंगल असेल तिथं टेंगळं येत, गवताळ जमीन मऊ होई, वाळवंट खरखरीत आणि माणसांची वस्ती असेल तिथं ऊब लागे. एकोणीस दिवसांपूर्वी दूरच्या ग्रहावरचा हा पाहुणा नेमका इथंच येऊन थांबला. त्यालाही डोळे नव्हते. जगभरच्या सरकारांनी पाठवलेल्या संदेशांना त्यानं उत्तर दिलं नव्हतं, पण या फरशांवर तो तासन् तास फिरे.

दालनातल्या ध्वनिक्षेपकातून आवाज आला. शाल्मलीच्या अंगावर सर्रकन काटा आला, कारण तो आवाज तिचाच होता.

"आमचा ग्रह विझला. आम्ही अकरा लाख. आज सूर्य मावळताना आमची यानं उतरतील."

"कुठं ते तिलाही दाखव," आबाजी म्हणाले.

ठसे सरकत गेले. दालनात आज दोन देश मांडले होते. एक बांगलादेश आणि दुसरा मंगोलिया. ठसे मंगोलियाच्या मधोमध थांबले आणि तिथली फरशी गोठून पांढरीफटक पडली.

"इथं. हा दुसऱ्याच्या दहापट. माणसं नाहीत. रिकामा."

"त्यानंच सांगितलंय, यानं उतरली की खालची माती कोसभर करपते," आबाजी कुजबुजले. "चार दिवस समजावतोय. मी आकडे सांगतो, आणि आकडे त्याला शब्दांसारखेच पोकळ वाटतात. जे पायाला लागेल तेवढंच त्याला खरं वाटतं."

शाल्मलीनं घड्याळ पाहिलं. सूर्यास्ताला दीड तास उरला होता. तिनं चपला काढल्या आणि अनवाणी फरशीवर उतरली.

"माझ्याबरोबर चल," ती म्हणाली.

तिच्या शेजारी एक ठसा उमटला.

"आबाजी, एक फरशी म्हणजे किती?"

"दीड हजार चौरस किलोमीटर. दोन्ही देशांना माप एकच."

ती आधी बांगलादेशावर गेली. तिथं साधारण शंभर फरशा होत्या. म्हणजे क्षेत्रफळ (देशानं व्यापलेली एकूण जागा) सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर. तिच्या तळव्यांना रेघाच रेघा लागत होत्या. "ही लागवडीखालची जमीन (जिथं नांगरून पीक घेतात ती). मोज."

ठसे भराभर फिरले. "साठ."

"आणि घनता (एका चौरस किलोमीटरवर सरासरी किती माणसं राहतात ते) हजाराच्या वर आहे. इथं तुला माणसं लागलीच असतील."

"लागली. खूप."

मंगोलियाच्या हजारावर फरशा होत्या. दोघं चालत राहिले. रेघांच्या फरशा दहासुद्धा भरल्या नाहीत. उत्तरेला टेंगळं लागली, दक्षिणेला खरखर. बाकी सातशेहून जास्त फरशा मऊ आणि शांत होत्या. इतक्या शांत, की शाल्मलीला आपल्याच श्वासाची भीती वाटू लागली.

"घनता दोन," पाहुणा आता आबाजींच्या आवाजात म्हणाला. "रिकामा."

शाल्मलीला क्षणभर तेच खरं वाटलं. मग तिला आठवलं, आपण थांबलेल्या नकाशावर चालतोय.

"आबाजी, यात वर्ष फिरवता येतं ना? जनावरांसकट?"

आबाजींचे डोळे चमकले. त्यांनी कळ दाबली.

आधी एका कोपऱ्यात फरशी थरथरली. टप, टप, टप. हजारो खुरांचा हलका ठोका. तो हिवाळ्यातल्या आडोशाच्या जागेवरून वसंतातल्या कुरणाकडे सरकला, तिथून उन्हाळ्यातल्या नदीकाठाकडे आणि मग शरद ऋतूतल्या उतारांकडे. असे शेकडो ठोके चहूकडून येऊ लागले. मेंढ्या, शेळ्या, घोडे, याक, उंट. सगळी मिळून जवळपास सहा कोटी जनावरं.

"गवत तिथं विरळ उगवतं," शाल्मली म्हणाली. "एकाच जागी थांबलं तर ते मुळासकट संपेल. म्हणून माणसं तंबू उचलून जनावरांमागे जातात आणि गवत पुन्हा उगवलं की परततात. याला जमिनीचा वापर (कोणती जमीन कशासाठी उपयोगात आहे) म्हणतात. भाताला थोडी जागा पुरते, कळपाला खूप लागते. आज ज्या फरशीवर कुणी नाही, तिथं दोन महिन्यांनी कुणाचं तरी घर असेल."

दालनात सगळीकडून खुरांचा आवाज येत होता आणि मध्ये ती पांढरी फरशी तेवढी मुकी होती. एक कळप त्या फरशीपर्यंत आला, अडला. तिथंच घुटमळत राहिला. मग ठोके एकेक करून विझले.

"हे का थांबले?" पाहुण्यानं विचारलं.

"तुमची यानं उतरली की तिथली माती करपेल, म्हणून."

शाल्मलीचे तळवे बधिर झाले होते, पण ती जागची हलली नाही. बाहेर उजेड उतरू लागला होता. मग पांढऱ्या फरशीवरचं दंव कडेनं वितळायला लागलं.

"यानं वरच थांबतील. आम्ही पुष्कळ थांबू शकतो. पण मग जागा कुणाला मागायची?"

"जे तिथं राहतात त्यांना," शाल्मली म्हणाली.

आबाजींनी त्याच संध्याकाळी मंगोलियाला, तिथल्या पशुपालकांनाही, संदेश पाठवला. मंगोलियाचं सरकार विचार करू लागलं, शास्त्रज्ञांच्या बैठका सुरू झाल्या. पण सगळ्यांत आधी, तिसऱ्या दिवशी, उत्तर आलं ते गोबी वाळवंटाच्या कडेला मेंढ्या पाळणाऱ्या ओयून नावाच्या बाईंचं. आबाजींनी ते मराठीत करून मोठ्यानं वाचलं.

"अकरा लाख म्हणजे फार झाले. आधी किती जण येणार? खातात काय? आमच्याकडची थंडी त्यांना सोसेल का?"

शाल्मलीच्या शेजारी गारवा दाटला. "हे हो आहे की नाही?"

"अजून दोन्ही नाही," ती हसून म्हणाली. "पण पाहुणा येणार म्हटलं की आमच्या घरीही आधी हेच विचारतात."