मापाडीने न मोजलेली भिंत

वाफे चार. प्रत्येक वाफ्यात पालकाची छत्तीस कोवळी रोपं, म्हणजे एकूण एकशे चव्वेचाळीस. त्यांतली एकशे एकतीस काळी पडून मातीला चिकटली होती. तेरा उभी होती, पण पाचांच्या पानांच्या कडा काचेसारख्या झाल्या होत्या. ऋजुताने दोनदा मोजलं, कारण पहिल्या खेपेला रागाच्या भरात आकडा चुकला.

राग मापाडीवर होता. मापाडी म्हणजे चार पायांचा यंत्रमानव. २०५२च्या भाजीपाला योजनेने तो लडाखमधल्या नुर्मा गावाला दिला होता. हरितगृहातलं तापमान तो तासातासाला टिपायचा. आत सलग पंधरा पहाटे पारा शून्याखाली गेला, तर हरितगृहाचं पारदर्शक आच्छादन उतरवून दुसऱ्या खोऱ्यात न्यायचं, असा योजनेचा नियम होता. आज अकरावी पहाट होती, आणि ‘कारण’ या रकान्यात मापाडीने लिहिलं होतं : राखणदाराची हयगय.

राखणदार म्हणजे मेमे रिग्झिन. मेमे म्हणजे आजोबा; आदराने हाक मारताना ‘मेमे-ले’. गावच्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. ऋजुताची आई गावची डॉक्टर, आणि मायलेकी राहायच्या मेमेंच्याच घरात. मेमेंनी स्वतः मातीच्या विटा थापून हे हरितगृह बांधलं होतं. तीन बाजूंना हातभर जाड भिंती आणि दक्षिणेला दुहेरी आच्छादन. सध्या लेहला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आल्यामुळे त्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. तरीही रोज सूर्य कलला की ते चाचपडत जाऊन आच्छादनावर कांबळी पसरायचे.

“हयगय कोणी केली? सांग ना,” ऋजुताने मापाडीला विचारलं.

“मागची पाच वर्षं आत तापमान शून्याखाली गेलं नव्हतं. बाहेरची थंडी तेवढीच आहे. आच्छादन शाबूत आहे. उरली हयगय.”

“उरली म्हणे! तू एकदा तरी कोणाला विचारलंस?”

विचारणं आपल्या कामात बसत नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. त्या शांतपणाने ती आणखीच भडकली. तिने मेमेंना सगळं वाचून दाखवलं आणि तुम्ही गप्प कसे बसता म्हणून त्यांच्यावरही चिडली. मेमे म्हणाले, भांडायचं तर जरूर भांड, पण आधी मला आत घेऊन चल.

दुपारचे तीन वाजले होते. मेमेंनी उत्तरेच्या भिंतीला तळवा टेकवला आणि तो तसाच ठेवला.

“पोरी, या वेळेला ही भिंत तव्यासारखी लागायला हवी. गार का आहे? रंग कोणता दिसतोय?”

“पांढरा,” ऋजुता म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला.

लोसार, म्हणजे लडाखचं नवं वर्ष, तोंडावर आलं की नुर्मात घरोघरी भिंतींना चुना लावतात. मेमे लेहला असताना ऋजुताने आणि तिच्या मैत्रिणींनी घर रंगवलं. बादलीत चुना उरला. हेही घरच की, म्हणून मोठ्या हौसेने त्यांनी हरितगृहाच्या आतल्या काळ्या भिंतीलाही दोन हात मारले होते. मेमेंना सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मेमे रागावले नाहीत. त्यांनी तिला समजावलं की उन्हाचं शोषण (प्रकाश आत घेऊन त्याची उष्णता करणं) काळ्या रंगात भरपूर होतं. पांढरा रंग बहुतेक प्रकाश परत फेकतो. त्यातला थोडा वाफ्यांवर पडतो, बराचसा आला तसा आच्छादनातून बाहेर जातो. जाड मातीची उष्णताधारकता (ऊब साठवून ठेवायची ताकद) मोठी असते. दिवसा भिंत ऊब पिते आणि सूर्य गेल्यावर हळूहळू परत देते.

“म्हणजे भिंत उपाशी राहिली. माझ्यामुळे,” ऋजुता म्हणाली. मग तिने मान वर केली. “पण मेमे-ले, चूक निराळी आणि हयगय निराळी. तुम्ही रोज कांबळी पसरत होतात. चूक माझी, तर नाव माझं लिहायला हवं. आणि हा मोजणारा! याने भिंत मोजलीच नाही.”

“भिंत माझ्या तक्त्यात नाही,” मापाडी म्हणाला.

“मग तक्ताच हयगयीने केलाय!”

मेमे खुदकन हसले. मापाडीने मात्र एवढंच म्हटलं : नोंद बदलते ती फक्त आकड्यांनी.

तेव्हा आकडेच द्यायचे ठरलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं मेमेंनी बजावलं. ऋजुताला सगळी भिंत काळी करायची घाई झाली होती, पण मग फरक रंगामुळे पडला हे कळणार कसं? म्हणून हरितगृहाच्या मधोमध जाड कांबळ्यांचा पडदा टांगला. धुराड्यातली काजळी पाण्यात कालवून ऋजुताने अर्धीच भिंत रंगवली. वाफे तेवढेच, आच्छादन तेच. मापाडीचा एक तापमापक इकडे, एक तिकडे. तिसरा तिने हट्टाने भिंतीला लावायला लावला. काळ्या बाजूचं जमलं, तर पंधराव्या पहाटेच्या आत उरलेली भिंत रंगवून ती पहाट शून्याच्या वर ठेवायची आणि मग नवं बी टाकायचं, असं ठरलं.

पुढचे दोन दिवस लख्ख ऊन पडलं. चौदाव्या पहाटे दारात ऋजुता, मेमे आणि शेजारच्या चार घरांतली माणसं उभी राहिली. मापाडीने नोंद वाचली.

“कारण : भिंतीचा रंग. बाहेर उणे तेवीस अंश. पांढऱ्या बाजूला उणे पाच. काळ्या बाजूला अधिक दोन.”