अडसरापलीकडचे दोन थेंब

गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर करंगळीच्या टोकापर्यंत पोहोचते. मग ती नानांच्या उजव्या डोळ्यात का पोहोचली नाही? दवाखान्याच्या बाकावर बसलेली अफरीन मघापासून हाच विचार करत होती.

नाना म्हणजे तिच्या आईचे वडील, मिरजेतले तंबोरे बनवणारे कारागीर. चार दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डावा डोळा काचबिंदूने केव्हाच गेलेला. काल उजवा लाल झाला, ठणकू लागला. पण एका गायिकेचा तंबोरा अर्धवट राहिला होता, म्हणून नाना गप्प बसले. अफरीनच्या घसादुखीतल्या उरलेल्या गोळ्या त्यांनी तिच्याकडून मागून घेतल्या आणि आईला सांगू नकोस, असे बजावले. आज सकाळी त्यांना समोरची बोटे मोजता येईनात. तेव्हा कुठे अफरीनने आईला सगळे सांगितले.

डॉक्टर केळुसकरांनी डोळा तपासला. शस्त्रक्रियेच्या बारीक छेदातून जंतू आत शिरले होते.

"माझ्यामुळे झालं का?" अफरीनने हळूच विचारले.

"जंतू तुझ्यामुळे शिरले नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "पण एक दिवस हातचा गेला. डोळा दुखला की त्याच दिवशी सांगायचं. नानांनीसुद्धा."

नाना लहान मुलासारखे खाली बघू लागले.

अफरीनचा प्रश्न सोडवला तो थेंबने. थेंब हा तिथला यंत्रमानव. त्याचा हात कधी थरथरत नसे. त्याने भिंतीवर डोळ्याचे चित्र उमटवले. डोळ्याच्या पोकळीत काचद्रव (जेलीसारखा पारदर्शक पदार्थ) भरलेला असतो आणि मागच्या भिंतीवर दृष्टिपटल (प्रकाश टिपणारा नाजूक पडदा) असते. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की प्राणवायू आणि साखर तेवढी आत जाते. बाकी बहुतेक गोष्टी बाहेरच थांबतात. या अडसरामुळे एरवी डोळा सुरक्षित आणि स्वच्छ राहतो. आज मात्र जंतू आत होते आणि गोळीतले औषध बाहेर अडले होते.

"मग औषधाने जायचं कुठून?"

"अडसर टाळून," थेंब म्हणाला. "बुबुळाच्या थोडं मागे, पांढऱ्या भागातून. थेट काचद्रवात."

आधी डोळा बधिर केला. मग थेंबने केसासारख्या सुईने आतला किंचित द्रव तपासणीसाठी काढून घेतला. त्यानंतर दोन प्रतिजैविके (जंतूंना मारणारी औषधे) द्यायची होती. अशा जंतूंचे दोन मोठे गट असतात; हा कोणत्या गटातला ते अजून कळले नव्हते, म्हणून दोन्ही गटांसाठी एकेक. प्रत्येकाचे माप जेमतेम दोन थेंब.

"एवढंसंच?" अफरीनने विचारले. "जास्त द्या ना."

उत्तर नानांनी दिले. "तंबोऱ्याची घोडी मी कशी घासतो, पाहिलंस ना? तारा टेकतात ती पट्टी. केसभर जास्त घासली की आवाज गेला, परत भरता येत नाही."

"दृष्टिपटलाचंही तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "औषध जास्त झालं तर तेच पडद्याला इजा करेल."

"तुझा हात चांगला आहे रे," नाना थेंबला म्हणाले. "येतोस का माझ्याकडे कामाला?"

"मला सूर कळत नाहीत, नाना."

"मग राहू दे."

तासाभरात थेंबने जंतू ओळखला. पूर्वी याला दोन दिवस लागत, असे डॉक्टरांनी सांगितले. दिलेल्या दोनपैकी एक औषध त्याच्यावर नेमके चालणारे होते. पण नजर किती परत येईल, हे आज कुणालाच सांगता येणार नव्हते.

तिसऱ्या दिवशी थेंब तपासायला घरी आला तेव्हा ठणका ओसरला होता. नानांनी अर्धा राहिलेला तंबोरा खाटेवर मागवला; सूर खुलावा म्हणून घोडीवर तारेखाली सरकवायला दोरा हवा, म्हणाले. घाईत अफरीनने आईच्या शिवणाच्या डब्यातून हाताला लागला तो दोरा आणला आणि न बोलता त्यांच्या तळहातावर ठेवला.

नानांनी तो उजव्या डोळ्याजवळ नेला. बराच वेळ धरून ठेवला.

"लाल कशाला आणलास गं? पांढरा आण."

नानांना रंग दिसला होता! मग अफरीनने थेंबला विचारले, अडसर स्वतःच आत घेईल असे औषध कधी करता येईल का?

"शोध चालू आहे," थेंब म्हणाला. "माणसं कमी पडतायत."

"मी मोठी झाले की येते," ती म्हणाली, आणि पांढरा दोरा आणायला पळाली.