जमीन ड्रमवाला देतो

तो फोन खिशात घाल आधी. मग सांगतो. मध्ये हसायचं नाही, पोरांनो, आणि उद्या बँडमध्ये एलिस भेटला की त्याच्यापाशी हा विषय काढायचा नाही. एलिस फोंतनेट माझा चेला, काठ्या धरायला मी शिकवलं त्याला. म्हणून तो माझ्याकडे येऊन बोलला. दुसऱ्या कुणी त्याला वेड्यात काढलं असतं.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. एलिस निघाला होता साध्याच कामाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ट्रेमे वस्तीत एका म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याच्या अंत्ययात्रेपुढे आपल्या बँडला वाजवायचं होतं, आणि एलिसचा ड्रम राहिला होता डेल्फीन थिएटरात. संध्याकाळी साडेसातला तिथे मूकपट लागला होता. वॉली टिबेट नावाचा शंभर वर्षांपूर्वीचा विदूषक पडद्यावर, आणि पडद्यापुढे वाजवायला आपले चौघे. खेळ संपला तसा एलिस ड्रम तिथेच टाकून घरी गेला होता. डोकं ठिकाणावर नव्हतं त्याचं.

का नव्हतं, ते सांगतो. माझे आजोबा मूकपटांपुढे वाजवायचे. पडद्यावर माणूस छपरावरून सुटलाय, पडतोय, अजून पडतोय, थिएटर श्वास धरून बसलंय, आणि ड्रमवाला त्याहून अर्धा क्षण जास्त थांबतो. मग धप्प! मग हसू फुटायचं. तुम्ही वाजवताना ठोका किंचित मागे ओढता ना, आणि लोक खुळावतात? ती ओढ या पडणाऱ्या माणसांनी आपल्याला शिकवली. तुम्हाला वाटतं तुम्हीच शोधली, दीडशहाणे! तर आजोबांचा नियम एकच होता. मूकपटातल्या माणसाला जमीन नसते, त्याला जमीन ड्रमवाला देतो. दगडावर पडला तर दगडासारखं वाजवायचं, पाण्यात पडला तर पाण्यासारखं. पण एकही पडणं सोडायचं नाही.

त्या संध्याकाळी एलिसने एक सोडलं.

आठ चाळीसला त्याचा फोन थरथरला. थोरल्या भावाचा, क्लोव्हिसचा. आई गेल्यापासून आठ महिने दोघं बोलत नव्हते. आईचं घर विकून टाकू, असं एलिस म्हणाला होता, आणि क्लोव्हिस भर अंत्ययात्रेत त्याला म्हणाला होता, "बारक्या, तुला आईसुद्धा विकता आली असती." असा शब्द विसरता येतो का? एलिसने फोन कापला. मान वर केली तेव्हा वॉली टिबेट छपरावरून सुटून पडूनही गेला होता. लोक हसले, पण कसंनुसं हसले.

तर साडेअकराला एलिसने मागचं दार उघडलं. दिव्याचं बटण दाबलं, दिवे लागले नाहीत. म्हणाला, चालेल, मला ड्रम कुठे आहे ते माहीत आहे. खुर्च्यांना हात लावत तो पुढे गेला.

तेव्हा त्याला पडदा दिसला.

सिनेमाचं यंत्र बंद होतं. चालवणारा केव्हाच घरी गेला होता. तरी पडदा उजळलेला. राखाडी, अंधूक... आणि मधोमध वॉली टिबेट. हवेत. छपराच्या खाली, जमिनीच्या वर. हातपाय मारत होता. टोपी डोक्यापासून वीतभर वर थांबलेली.

तो खाली येत नव्हता.

एलिस म्हणतो, आधी मला त्याची दया आली. भीती नंतर आली. कारण त्याने मान वळवली. हळूहळू. थेट एलिसकडे.

तो वॉली टिबेट नव्हता.

क्लोव्हिस होता.

अंगात कामाचा निळा सदरा. तोंड उघडं. काहीतरी ओरडत होता... आवाज नाही. थिएटरात मुंगी चालली तरी कळेल, इतकी शांतता.

खिशात फोन थरथरला. क्लोव्हिसचं नाव. या वेळी त्याने उचलला.

नुसता वारा. कानात शिरणारा. मग लांबून...

"बारक्या... किती वेळ रे... वाजव ना."

एलिस ड्रमपाशी बसला. कसा बसला, त्याला आठवत नाही. काठी उचलली. आणि थबकला. त्याला एकदम कळलं. काठी मारली की तो खाली येणार. दुमजली छपरावरून. फरशीवर. आणि नाही मारली, तर... असाच. कायमचा.

"क्लोव्हिस," तो म्हणाला, "चुकलो रे मी. फोन उचलायला हवा होता. थांब. जरासा थांब."

अंत्ययात्रेत आपण ड्रमखालच्या तारा ढिल्या करतो. मेलेल्या माणसापुढे ड्रमने तडतडू नये म्हणून. एलिसने तारा सोडल्या. कोट काढून ड्रमवर पसरला. काठी खाली ठेवली. तळहात उचलला... आणि धरून ठेवला. आजोबांसारखा. अर्धा क्षण. आणखी अर्धा.

मग टेकवला. झोपलेल्या पोराच्या पाठीवर टेकवावा तसा.

आवाज झालाच नाही.

पडदा विझला.

एलिस ड्रम तिथेच टाकून पळाला. गाडी काढली ती थेट आईच्या घरी. का तिथेच, ते त्याला विचारू नका. अंगणात शिडी आडवी पडली होती. छपरावर अर्धी बांधलेली ताडपत्री फडफडत होती. आणि खाली फरशीवर क्लोव्हिस बसला होता, मान चोळत. अंगावर ओरखडा नाही.

"आलास?" क्लोव्हिस म्हणाला. "पाऊस येणार होता म्हणून म्हटलं ताडपत्री बांधू. शिडी धरायला तुला फोन केला, तर लाटसाहेबांनी कापला. आत्ताच घसरलो बघ."

"आत्ता?"

"आत्ता म्हणजे आत्ता. टेकतोय तोवर तू आलास. असा काय बघतोस? पावणेनऊ वाजले असतील फार तर."

एलिसने त्याला घड्याळ दाखवलं. बाराला पाच कमी होते.

"आणि दुसऱ्यांदा फोन केलास तो?"

"दुसऱ्यांदा कोण करतंय तुला!" क्लोव्हिसने शिडीखाली बोट दाखवलं. त्याचा फोन तिथे पडला होता, दोन तुकडे होऊन.

एलिस त्याच्या गळ्यात पडून रडला. क्लोव्हिसला काही कळलं नाही, पण तोही रडला. आठ महिन्यांचं साचलेलं होतं. घर त्यांनी विकलं नाही. छप्पर दोघांनी मिळून घातलं.

इथवर गोष्ट गोडच आहे की नाही? मीही एलिसला तेच म्हणालो. देवाचे आभार मान, सुटलास. तर तो म्हणाला, मिस्टर ओनेसिम, मी त्याला खाली आणलं खरं... पण कसं आणलं, ते सकाळी अंत्ययात्रेत कळलं. तो माझ्या शेजारून चालत होता. मी खाली मान घालून त्याच्या बुटांकडे बघत होतो. ऐकत होतो.

एवढं सांगून एलिस उठून गेला.

आता घाबरू नका. हळूच मागे वळा. ये क्लोव्हिस, बस. पोरांनो, जरा जागा करा त्याला.

या माडीवर यायच्या जिन्याला बारा पायऱ्या आहेत. लाकडी, जुन्या. मांजर चढलं तरी करकरतात.

तो आत्ता चढून आला. तुमच्यापैकी एकाने तरी ऐकलं?