शाळेच्या जमिनीखालचा भुसा

"चार वाजता शाळेला कुलूप लागणार आहे," लेम्पी म्हणाली. "आत्ता अकरा वाजलेत. तेवढ्या वेळात जमणार असेल तर सांग, नाहीतर मी दुसरीकडे जाते."

हाउकिरांतात दुसरीकडे म्हणजे कुठेच नाही. खासगी तपास करणारी बाई गावात एकच, आउने किवेला. तिने लेम्पीपुढे कॉफीचा कप सरकवला. कोपऱ्यातल्या रेइनोने आपला कप स्वतःच भरून घेतला. रेइनो निवृत्त बसचालक. आउनेला गाडी चालवता येत नाही आणि रेइनोला घरी बसवत नाही, एवढ्या भांडवलावर दोघांची भागीदारी अकरा वर्षं टिकली होती.

लेम्पी सव्वीस वर्षं गावच्या सरकारी उच्च माध्यमिक शाळेत स्वयंपाकीण होती. इमारत दोनशे वर्षांची, मुळातली कोर्टाची. जिथे पूर्वी आरोपी उभे करायचे, तिथे आता मुलं ताटं घेऊन रांग लावतात. रेइनोही त्याच रांगेत वाढलेला.

"हवेत बुरशी निघाली म्हणे," तो म्हणाला.

"सव्वीस वर्षं तीच हवा खातेय. बघ माझ्याकडे."

रेइनोने बघितलं. मनात आणलं असतं तर लेम्पीने त्याला एका हाताने उचलून दाराबाहेर ठेवलं असतं.

तिने अहवाल टेबलावर आपटला. दोन वर्ग आणि सभागृह, तिन्हींच्या लाकडी जमिनीखालून, थंडी अडवायला भरलेला लाकडाचा भुसा काढून तपासला होता. तिन्हींचा निकाल अक्षरशः एक: कुजका भुसा, बुरशी, बर्च झाडाच्या सुकलेल्या पानांचा चुरा.

"मुलांना गावाबाहेरच्या नव्या इमारतीत नेणार. तिथे जेवण बाहेरून येणार, म्हणजे मी घरी बसणार. तेही एक वेळ सोड. पण माझ्या शाळेला कुजकी म्हणाले, ते मी ऐकून घेणार नाही."

"नमुने घेतले तेव्हा आत कोण होतं?"

"हिवाळ्यातल्या स्कीच्या सुट्टीचा आठवडा, शाळा रिकामी. मी धरून पाचजण. प्रयोगशाळेचा वेह्मास, नगरपालिकेचा रिस्तोला, मुख्याध्यापक एरो, आणि रसायनशास्त्राची मार्केता. डोकेदुखीची पहिली तक्रार तिचीच. बाराला सगळे आले, बर्फ पडत होतं. दोनला मी कॉफी आणि वेलचीचे पाव दिले. त्याचे आभार राहिले बाजूला, दारातली फरशी मात्र मला दोनदा पुसावी लागली."

"दोनदा?"

"बाराला सगळ्यांनी बूट काढले तेव्हा एकदा. एक वाजेपर्यंत फरशी कोरडी ठणठणीत. अडीचला बघते तर शिक्षकांच्या बूट-मांडणीखाली पुन्हा तळं."

"आणि पाहुण्यांच्या मांडणीखाली?"

"थेंब नाही."

"तुझे बूट कुठे होते?"

"मी स्वयंपाकघराच्या दाराने येते."

आउनेने कप खाली ठेवला. "रेइनो, गाडी काढ."

शाळेच्या वरच्या खिडक्यांतून चादरी लोंबत होत्या. त्यांवर काळ्या रंगात लिहिलं होतं: आम्ही हलणार नाही.

वेह्मास कुलूप लावण्याच्या कागदांवर सही करायला शहरातून आला होता.

"नमुन्यांच्या पिशव्यांना सील कधी लावलंत?" आउनेने विचारलं.

"निघताना. संध्याकाळी."

"आणि कॉफीच्या वेळी पिशव्या कुठे होत्या?"

वेह्मासचे कान लाल झाले. "पेटीत. पेटी दारातल्या बाकावर. कॉफी तयार होती हो."

रेइनोला हे कारण अगदी पटलं.

रिस्तोला कॉफी सोडून दहा मिनिटं पॅसेजमध्ये फोनवर बोलत होता. ते त्याने लपवलं नाही. "पानांचं काय घेऊन बसलीस? जुने सुतार हाताला लागेल ते जमिनीखाली भरायचे. जुन्या वास्तूचं कौतुक सगळ्यांना, आणि छप्पर गळलं की फोन मला."

मार्केता नाक पुसत बोलली. "मीही उठले होते, वर औषध घ्यायला. शाळा बंद करा असं मी कधी म्हटलं? मला फक्त उघडणारी खिडकी हवी होती."

"बर्चचं पान ओळखतेस?"

"वैरी आहे तो माझा. ते झाड आसपास असलं तरी मला श्वास मिळत नाही. लोक सौनाच्या गरम खोलीत, वाफेत, त्या पानांच्या जुडीने अंग झोडपून घेतात, मी ती जुडी उंबऱ्याच्या आतसुद्धा येऊ देत नाही."

मुख्याध्यापक एरो मुलांबरोबर जिन्यात नवी चादर बांधत होता. बाह्या वर केलेल्या, हाताला रंग.

"हलणार नाही म्हणजे नाही," तो म्हणाला. "कुजलेलं मी वासावरून ओळखतो. गेल्या शरदात तळ्याकाठच्या माझ्या सौनाची जमीन उपटली, खालच्या भुशाचा चिखल झाला होता. इथे तसा वास येतो का, तूच सांग."

"त्या दिवशी कॉफीला होतास?"

"उशिरा पोचलो. तळघरात जुने नकाशे शोधत होतो. बाराला आत आलो, तो सहालाच बाहेर पडलो."

रेइनोचा ऊर भरून आला. "माणूस असावा तर असा," तो बाहेर येऊन म्हणाला. "रिस्तोलाने केलंय हे. फोन कसला दहा मिनिटं?"

"तू बस चांगली चालवायचास," आउने म्हणाली.

साडेतीनला सभागृह भरलं. दोनशे दहा मुलं, सगळे शिक्षक, समोर किल्ली घेऊन रिस्तोला. आउने सरळ कोपऱ्यात गेली, जिथून नमुना काढला होता तिथली सीलची पट्टी तिने फाडली आणि फळी उचलली.

"हात लावायला मनाई आहे," रिस्तोला ओरडला.

"मग तू लाव."

त्याने हात घातला आणि मूठभर भुसा वर काढला. कोरडा, पिवळा. तो बोटांतून झरझर गळून गेला. पान एकही नव्हतं.

"सुतारांनी कचरा भरला असता, तर तो इथेही दिसला असता," आउने म्हणाली. "तीन खोल्यांतून एकच निकाल आला, कारण तिन्ही पिशव्यांत एकाच जागेचा भुसा होता. बर्चची पानं आणि ओल एकत्र कुठे असते? सौनाच्या जमिनीखाली. पिशव्या कॉफीच्या वेळी बदलल्या. त्यासाठी कोणीतरी गाडीतून भुसा आणला. बर्फातून गेला, बर्फातून आला."

"कशावरून?" वेह्मासने विचारलं.

"लेम्पीच्या फडक्यावरून. एकला कोरडी असलेली फरशी अडीचला ओली होती. घाई होती, कोणी बघेल ही भीती होती, तरी त्या माणसाने दारात वाकून बूट काढले आणि आपल्या जागी नीट लावले. बूट घालून तसाच आत घुसला असता, तर ते पायातच राहिले असते आणि पाणी कोणाचं ते कधीच कळलं नसतं."

कोणी हसलं नाही. त्या सभागृहातल्या प्रत्येकाने तेच केलं असतं.

"ओल शिक्षकांच्या मांडणीखाली होती. म्हणजे पाहुणे सुटले. मार्केता बर्चच्या चुऱ्याला हात लावू शकत नाही. राहिला एकजण. बाहेर गेलोच नाही असं तो सांगतो, आणि कुजका भुसा कुठे मिळतो तेही त्यानेच मला सांगितलं."

रेइनोने खिडकीकडे मान वळवली. एरो खिडकीशी उभा होता.

"नव्या इमारतीत तीन शाळा एक होणार," रिस्तोला हळूच म्हणाला. "मुख्याध्यापक एरोच ठरला होता."

"वीस वर्षं छपरासाठी अर्ज करतोय," एरो म्हणाला. "गळक्या छपराने कोणी जागचं हललं नाही. बुरशी म्हटल्याबरोबर नवी शाळा मिळाली. मुलांसाठीच केलं मी."

"मग चादर बांधायला कशाला आलास?" लेम्पीने विचारलं.

एरोने वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या. मुलांनी वाट करून दिली आणि तो मान खाली घालून निघून गेला. रेइनोला त्याचा राग आला, आणि त्याच्याइतकाच स्वतःचाही.

रिस्तोलाने घसा साफ केला. "ठीक आहे. नवे नमुने घेऊ. पण हुकूम रद्द होईपर्यंत हुकूमच आहे. चारला कुलूप. चला, बाहेर."

कोणी उठलं नाही.

"लाव कुलूप," लेम्पी म्हणाली. "आम्ही आत आहोत."

"किती वेळ बसणार?"

"उद्या गुरुवार. गुरुवारी अख्खा देश वाटाण्याचं सूप खातो. दोनशे दहा मुलांचे वाटाणे सकाळीच भिजत घातलेत."

"सकाळी? सकाळी तुला काय माहीत होतं?"

"शाळा कुजलेली नाही, एवढं माहीत होतं. तुझ्यासाठीही मूठभर जास्त टाकू का?"

रिस्तोलाने घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून सात मिनिटं झाली होती. त्याने किल्ली खिशात टाकली आणि खुर्ची ओढून मुलांमध्ये बसला.