टिटवीच्या पायांचा थकवा

माणसाचं तोंड खोटं बोलेल, पाय बोलत नाहीत. अठ्ठावीस वर्षं मी पाय मोजायचं काम केलंय, म्हणून हे छातीठोकपणे सांगते. खेळाडू ट्रेडमिलवर धावतो. त्याच्या मांड्यांना आणि पोटऱ्यांना मी छोट्या चकत्या चिकटवते आणि स्नायूंमधली विजेची हालचाल पडद्यावर रेघ होऊन उमटते. स्नायू ताजा असेपर्यंत रेघ सरळ जाते, थकायला लागला की हळूहळू खाली वाकते. कुणाची दहाव्या मिनिटाला, कुणाची पंचविसाव्या, पण वाकते प्रत्येकाची. न वाकणारी रेघ मी एकाच मुलीची पाहिली.

मंगळवारी दुपारी तीनची वेळ दिली होती. निवड शिबिराआधी धावपटूंचे अहवाल पाठवायचे, एवढंच साधं काम. दार ढकलून आधी चाकांची खुर्ची आत आली, मागून ती ढकलणारी मुलगी. तेविशीतली, काटकुळी. खुर्चीत तिचे वडील. ते पूर्वी विजेच्या खांबांवर चढायचे, लाइनमन होते. अकरा वर्षांपूर्वी खांबावरून पडले, कणा मोडला आणि कमरेखालचं सगळं गेलं.

"ही आमची टिटवी," ते म्हणाले. "अंगावर मांस नाही, नुसत्या काड्या. पण पळायला लागली की बघा!"

"बाबा, पुरे."

"बरं बाई, पुरे. मॅडम, मी त्या कोपऱ्यात बसतो. माझ्यासाठी खुर्ची शोधू नका, घरूनच आणलीय."

मी हसले. टिटवीच्या पायांना स्पिरिट लावलं, आठ चकत्या चिकटवल्या, पट्टा सुरू केला. दर तीन मिनिटांनी वेग वाढवत गेले. त्या खोलीला खिडकी नाही. तापलेल्या रबराचा वास, पट्ट्याची घरघर आणि तिच्या पावलांचा ताल, थप थप थप थप, एवढंच.

विसावं मिनिट आलं. तिचा श्वास फुलला होता, बनियन भिजून पाठीला चिकटली होती, नाडी एकशे ऐंशीच्या वर गेली होती. आणि रेघा? आठच्या आठ, पट्टीनं आखल्यासारख्या सरळ.

"पाय भरून आले का?" मी विचारलं.

"छाती फुटतेय... पाय ठीक आहेत."

तिसाव्या मिनिटाला मी पट्टा थांबवला. ती आंघोळीला गेली. यंत्रात बिघाड असणार म्हणून मी चकत्या स्वतःच्या पोटरीला लावल्या आणि टाचा उचलून उभी राहिले. दोन मिनिटांत माझी रेघ खाली आली. म्हणजे यंत्र धडधाकट होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "मॅडम... पाणी मिळेल?"

लाइनमनच्या चेहऱ्यावरून घाम निथळत होता. ओठ पांढरे पडले होते. पाणी देताना त्यांच्या गुडघ्यांवरची चादर घसरली. ती नीट करायला मी वाकले आणि माझा हात त्यांच्या पोटरीला लागला. अकरा वर्षं न हललेला पाय हाताला कसा लागतो, ते मला ठाऊक आहे. थंड असतो, पिशवीसारखा लोंबतो. ही पोटरी दगडासारखी घट्ट होती. आणि तापलेली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रेघ वाकली नाही ना?"

"नाही."

"वाकायची नाही." ते हळू आवाजात सांगू लागले. "शाळेच्या शर्यतीत ही पडायला आली होती. पाय लटपटत होते. मी मैदानाच्या कडेला, ह्याच खुर्चीत. मनात म्हटलं, दे इकडे, तुझा सगळा शीण मला दे. आणि मॅडम... आला."

"हिला माहीत आहे?"

"नाही. तुम्हीही सांगायचं नाही."

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. निकामी पायांनाही कधी पेटके येतात, एवढं मला कळतं. शुक्रवारी दोघांना परत बोलावलं. टिटवी बाहेर बूट बांधत होती, तेवढ्यात चादरीखालून लाइनमनच्या पायांना दुसऱ्या यंत्राच्या चकत्या लावल्या. त्यांनी हसत लावून घेतल्या.

पट्टा सुरू झाला आणि दुसऱ्या पडद्यावर एक माणूस धावू लागला.

दुसरा शब्द माझ्याकडे नाही. पेटके असे येत नाहीत. डावा, उजवा, डावा, उजवा, टिटवीच्या पावलागणिक त्या मेलेल्या पायांमधून ठोका येत होता. चादर जरासुद्धा हलत नव्हती. बाराव्या मिनिटाला त्यांच्या रेघा वाकायला लागल्या, अठराव्याला कोसळल्या. इतक्या खाली गेलेली रेघ मी कुणाही जिवंत माणसाची पाहिली नव्हती. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि नखं निळी पडत चालली होती.

मी लाल बटण दाबलं.

"काय झालं? मी दमले नव्हते!" टिटवी ओरडली.

"तार सुटली," मी म्हटलं.

ती आंघोळीला गेल्यावर मी लाइनमनला स्पष्ट सांगितलं, "हे थांबलं नाही तर तुम्ही मराल. मी तिला सांगणार आहे."

त्यांनी हात जोडले. "मॅडम, तुम्हाला वाटतं मी तिच्यासाठी हे सोसतोय. तसं नाही हो. ती पळते तेव्हाच मला पाय असतात. दुखतात, जळतात... पण असतात. तिनं पळणं सोडलं तर मी परत अर्धा."

मी टिटवीला काही सांगितलं नाही. आयुष्यात मी फार चुका केल्या नाहीत, पण ही केली.

टिटवीची निवड झाली. मोठ्या शर्यतीत ती पहिली आली. तिनं शेवटची रेषा ओलांडली तेव्हा लाइनमन प्रेक्षकांत होते. लोक उठून टाळ्या वाजवत होते, म्हणून बराच वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

तिनं धावणं सोडलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली. अडीच वर्षांनी ती पुन्हा माझ्या दारात उभी राहिली. "मॅडम, परत सुरू करायचंय. खरं तर सुरू केलंयच. बाबांना आवडलं असतं."

मला आनंद झाला. म्हटलं, आता हिच्या पायांना हिचाच थकवा येईल, रेघ वाकेल, आणि माझ्या मनावरचं ओझं उतरेल. पट्टा सुरू केला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, वीस झाली. तिचा श्वास फुलला. रेघा सरळच राहिल्या.

मी खोलीभर नजर फिरवली. कोपरा रिकामा होता.

दारावर टकटक झाली. बाहेर तिचा नवरा, खांद्यावर सात महिन्यांची मुलगी. बापडा घाबरला होता. "मॅडम, जरा बघता का? हिला केवढा घाम आलाय. उठवतोय तर उठत नाहीये..."

मी बाळाच्या पायातले मोजे काढले. जेमतेम बसू लागलेलं ते पोर. त्याची पावलं अजून जमिनीला टेकली नव्हती. त्या इवल्या तळव्यांवर घट्टे होते. पिवळे, जाड, कडेला चिरलेले. मैलोन्‌मैल धावणाऱ्यांच्या पायांना असतात तसे.

"जन्मतःच आहेत," नवरा म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, काही नसतं त्यात."

ह्या वेळी मी गप्प बसले नाही. आत जाऊन पट्टा थांबवला आणि टिटवीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती रडली, चिडली, मला नाही नाही ते बोलली. मग बाहेर गेली आणि मुलीचे तळवे कितीतरी वेळ गालाला लावून बसली. तिनं बूट माझ्याच टेबलाखाली सोडले. तिनं शब्द दिला आणि पाळला. बसथांब्यापर्यंतही ती आता घाईनं जात नाही. मुलगी हसूखेळू लागली, घट्टे मऊ पडत गेले. चला, सुटलो, असं आम्ही तिघांनीही म्हटलं.

ह्या गोष्टीला आठ महिने झाले. आज सकाळी टिटवीचा फोन आला. घरात सगळे बसलेले, कुणी कुठे गेलं नाही, कुणी धावलं नाही. आणि झोपेतून उठलेल्या मुलीच्या दोन्ही टाचांवर फोड आलेत. पाण्यानं भरलेले, अगदी ताजे. मला ते जन्मतःचे घट्टे आठवले: तेव्हाही टिटवी धावत नव्हती, आणि पाय हवे होते ते लाइनमनला.